ठेच्याचं आइस्क्रीम आणि मी, मिरचीची पिशवी

मी मिरचीची पिशवी बोलतेय. ऐकीव काही सांगणार नाही. जे माझ्या पोटात आणि माझ्यासमोर घडलं तेवढंच सांगते.

मी मांजरपाटाची, दुपदरी. परळच्या भोईवाड्यातल्या सुंदराबाईंनी मला हातांनी शिवलं. कापड त्यांच्या यजमानांच्या, कोंडीरामांच्या गिरणीतलं. गिरणी गेली, कोंडीरामही गेले, मी राहिले. वर्षभर दाराआडच्या खिळ्यावर लटकायचं आणि एप्रिल उजाडला की लालबागला जायचं, वर्षाच्या मालवणी मसाल्याची मिरची आणायला. दुसरं काही माझ्यात कधी पडलं नाही. साधी कोथिंबीरसुद्धा नाही.

खरेदी सुंदराबाईंची. सून सुचित्रा बाजूला उभी राहायची, पदर सावरत, बावीस वर्षं. "हो आई" याखेरीज तिचा शब्द मी ऐकला नव्हता. यंदा सुंदराबाईंचा गुडघा धरला. त्या म्हणाल्या, "जा गो तू. वर्षभर घर खातला, ह्या लक्षात ठेव."

झालं! लालबागपर्यंत ती माझे बंद पिळत राहिली. मिरची गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. छे! समोर एका गाडीवर पाटी होती: 'ठेचा आइस्क्रीम. हिंमत असेल तर.'

आइस्क्रीममध्ये ठेचा? मी आयुष्यभर मिरची वाहिली, पण असा अपमान पाहिला नव्हता!

गाडीवरची मुलगी म्हणाली, "काकी, घाबरताय काय? एकदा खाऊन तर बघा."

आणि सुचित्राने कप घेतला. चव्वेचाळीस वर्षांची बाई, भर रस्त्यात, उभ्याने. पहिल्या चमच्याला ठसका, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. तिसऱ्याला ती हसली. एकटीच, मोठ्याने.

तेवढ्यात समोरून हाक आली, "अहो ताई! सासूबाई कुठे आज?" मिरचीवाला विकासशेठ. सुचित्रा अशी दचकली की जणू चोरी पकडली गेली. तिने काय करावं? अर्धा कप माझ्यात टाकला आणि पदराने तोंड पुसलं.

माझ्यात! आइस्क्रीम!

मी ओरडले असते, पण पिशवीला तोंड असतं ते फक्त भरायला. शेठने बेडगी तोलली, काश्मिरी तोलली, संकेश्वरी तोलली. "एक नंबर माल, ताई. बघायची गरजच नाही." ही म्हणाली, "हो, द्या." ना मिरची मोडली, ना हुंगली. सगळी माझ्यात ओतली, त्या कपावर.

डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, जाईबाई असते. मिरची तिथेच निवडून, भाजून, कांडून मिळते. तिने माझ्यात तळापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तो हिरवट, चिकट.

"अगं बाई, हे काय? दूध सांडलंस?"

सुचित्राने पदर सावरला.

"मी नाही कांडणार हे," जाईबाई म्हणाली. "ओल राहिली तर श्रावणाआधी बुरशी धरेल, मग वर्षभर काय खाल?" तिने वरची कोरडी मिरची उजेडात धरली. "आणि ही बघ. फिकट, नुसत्या बिया. गेल्या वर्षाची मिसळलीय यात. सासूला फोन लाव तू."

सुचित्राने फोन काढला. नाव समोर होतं, बोट वर होतं. मी तिच्या पायाशी पडून बघत होते. एक फोन लावला, की पुढची बावीस वर्षंही बाजूला उभं राहण्यात जाणार, हे मलाही कळत होतं.

तिने फोन ब्लाउजमध्ये खोचला आणि मला उचललं.

"शेठ, ही घ्या परत."

"ओली करून आणलीत? वा, ताई!"

"ओली झाली ती माझी चूक, ती मी नेते. पण ही जुनी मिसळलीत ती तुमची."

"सासूबाईंनी कधी तक्रार नाही केली."

"त्यांना तुम्ही अशी द्यायची हिंमत नाही केलीत. मी बाजूलाच उभी होते ना, बावीस वर्षं!"

पाच-सहा बायका थांबल्या. सुचित्राने पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची काढली. मोडली, कानाशी हलवली, हुंगली. तीन पोती नाकारली. मी थक्क झाले. हे सगळं ती कधी शिकली? शेठने माल बदलून दिला. ओली मिरची तिने वेगळ्या कागदात बांधून माझ्यात टाकली, नवी शेठच्याच कोरड्या पोत्यातून नेली आणि जाईबाईच्या डंकासमोर शेवटपर्यंत बसून राहिली.

घरी सुंदराबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली. "तिखट जास्त झालो गो मसालो."

"नाही, आई. बरोबर आहे."

मी खिळ्यावरून पडायचीच बाकी होते. सुंदराबाईंनी मला खिळ्यावरून काढलं. मग नाक मुरडून म्हणाल्या, "आणि ह्या पिशयेक दुधाचो वास कसलो?"

सुचित्राने सगळं सांगितलं. आइस्क्रीम, कप, ओली मिरची, सगळं.

"खाल्लंस ता खाल्लंस. लपवलंस कित्याक?"

"शेठ बघत होता."

"तो काय तुझो सासरो?"

आधी सून हसली, मग सासू. बरणी भरायचा मान या घरात सुंदराबाईंचा, दुसऱ्या कुणाचा हात तिला लागत नाही. त्या गुडघा चोळत मागे सरकल्या. "हिंगाचो खडो घाल आणि भर. तूच भर."

माझं म्हणाल, तर मला साबणाने धुतलंय. जन्मात पहिल्यांदा! गॅलरीच्या दोरीवर उलटी टांगलीय मी, लाल पाणी गळतंय, आणि आत सुचित्रा सांगतेय की सोमवारी दादरला जायचंय. स्वतःला चपला घ्यायला, सोनेरी पट्ट्याच्या. पिशवी हीच नेणार म्हणे, मजबूत आहे.

मिरचीच्या पिशवीतून चपला! अहो वाचणारे, कुणीतरी या बाईला आवरा, असं मी म्हणणार होते. पण राहू द्या. फक्त सोमवारपर्यंत मला नीट वाळू द्या.