दौलतचा रिलीवर

"हलू नका बाबा, वायर सुटेल," म्हणत उन्नतीनं बापाच्या टाळूवर आणखी बोटभर चिकट मलम चोपडलं.

"चुना लावतंस का काय गो?" दौलत म्हणाला. "आता कात आन् सुपारी तेवढी ऱ्हायली."

भाजी निवडता निवडता दौलतची बायको नामी हसली. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या त्या दोन खोल्यांत कुणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

उन्नती ठाण्याला एका समुपदेशन केंद्रात फोन घ्यायच्या कामाला होती. तिथल्या मॅडमनी हे यंत्र तिला घरी न्यायला दिलं होतं. डोक्याला दोन वायरी, कानाला चिमटा, समोर लॅपटॉप. पडद्यावर एक निळा पट्टा. मन निवांत झालं की पट्टा वर चढतो आणि बासरी वाजते. मन घाबरलं की पट्टा उतरतो, बासरी गप्प. रोज अर्धा तास असं बसलं की मेंदूला शांत राहायची सवय लागते, झोप आपसूक येते, झोपेच्या गोळ्या सुटतात. गोळ्या सुटायलाच हव्या होत्या. नाक्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या होत्या आणि दौलत सकाळी भिंत धरून चालत होता.

"काही करायचं नाही बाबा. नुसतं बघायचं."

"बगायचा तं मना कोन शिकवल?"

तेही खरंच. भिवंडीतल्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे लूमवर चढण्याआधी सुताला कांजी पाजतात त्या कारखान्यात, दौलतनं उभा जन्म बॉयलर सांभाळला होता. बॉयलरला काचेची उभी नळी असते, तिच्यात आतलं पाणी दिसतं. ते अर्ध्यावर राहिलं पाहिजे. खाली गेलं आणि तेवढ्यात सांभाळणाऱ्याचा डोळा लागला, तर बॉयलर फुटतो, माणसं उकडून निघतात. शिफ्ट बदलताना रिलीवर यायचा, नळीचा कॉक उघडून खात्री करायचा आणि म्हणायचा, "पाणी बघितलं, जा तू." हे ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही. बाकीच्यांना कामाचा पगार मिळत होता. दौलतला घाबरण्याचा मिळत होता, आणि तो इमानानं घाबरत आला होता.

मंदीत मुनीरशेठनी सायझिंग बंद केली, तेव्हा शेवटची शिफ्ट दौलतची होती. रिलीवर काळूरामला घरीच निरोप गेला होता. बॉयलर थंड पडला तरी दौलत नळीसमोर बसून होता. शेठनीच त्याला हाताला धरून उठवलं. झोप त्यानंतर गेली. का गेली म्हणून विचारलं की तो म्हणायचा, "तसा काय न्हाय."

पडद्यावरचा पट्टा थोडा चढला. बासरीनं सूर धरला. मग पट्टा घसरला आणि दौलत ताठ झाला.

"अगो, पानी खाली चाललाय!" त्याचा उजवा हात हवेत व्हॉल्व्ह शोधायला लागला. "पंप चालू करा! पंप!"

तो घाबरला तसा पट्टा उतरला, पट्टा उतरला तसा तो घाबरला. शेवटी वायरी उपटून तो अंगणात जाऊन उभा राहिला. बनियन घामानं अंगाला चिकटलं होतं.

"सुरुवातीला होतं असं," उन्नती म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. "आई, रोज बसव हं त्यांना. मॅडमना मी शब्द दिलाय. रविवारी येऊन रिपोर्ट घेऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी दौलत दारातच बसून राहिला. "मी न्हाय बसनार. तू बस."

"मी? मना काय झालाय?"

"तुना काय व्हयाचा हाय? तू तं उभ्या उभ्या झोपतंस."

पोरीचं तोंड पडू नये, एवढ्यासाठी नामी बसली. मलम दौलतनंच लावलं. लेकीनं दाखवलं होतं तसं भांग पाडून, बोटानं, हळू. एवढ्या संसारात त्याचा हात तिच्या केसांना असा कधी लागला नव्हता. पट्टा सरसर वर गेला. बासरी लागली ती थांबेचना. अर्धा तास बस आणि काही करू नकोस, असं नामीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शेजारची आक्का विरजण मागायला आली, तर दौलतनं तिला दारातूनच वाटेला लावलं.

"आत येव नको. ट्रीटमेंट चाललीय."

"कोनाची?"

"घराची."

रविवारी उन्नतीनं रिपोर्ट उघडला आणि बापाच्या गळ्यातच पडली. "बाबा, कमाल केलीत! एवढ्या लवकर एवढा फरक!" दौलत भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिला. नामीनं बोलायला तोंड उघडलं. पण पोर रडत होती, आणि हे रडणं बऱ्याच दिवसांनी चांगलं होतं. नामीनं तोंड मिटलं, आणि पुढंही रोज तीच बसत राहिली.

केंद्रातल्या डॉक्टरांनी ते रिपोर्ट बघून गोळी कमी केली. पुढचे रिपोर्ट बघून आणखी कमी केली.

"मी सांगते पोरीला," नामी म्हणाली. दौलतच्या हातून चहा बशीत कमी आणि लुंगीवर जास्त सांडत होता.

"नको. रडल परत. मना जागायची सवय हाय."

एका सकाळी अंगणात दात घासता घासता त्याला आकडी आली. तो धुण्याच्या दगडावर पडला आणि खुब्याचं हाड मोडलं.

गोळी झपाट्यानं तोडल्यामुळं आकडी आली, असं डॉक्टर म्हणाले. इस्पितळाच्या व्हरांड्यात नामीनं सांगितलं, "उन्नती, ता डोका माझा होता गो."

उन्नतीला कळायला थोडा वेळ लागला. मग ती लॅपटॉपची वायर गुंडाळावी तशी ओढणी हाताभोवती गुंडाळत म्हणाली, "छान. म्हणजे तू बरी झालीस."

यंत्र परत गेलं. दौलत घरी आला तो खाटेवरच. गोळी पुन्हा सुरू झाली, पण आता तीही लागू पडेना. डोळे समोरच्या भिंतीवर, जिथं लॅपटॉप होता तिथं. पहिल्या आठवड्यात काळूराम भेटायला आला. त्याला बघताच दौलत उशीवरून मान उचलायला लागला.

"आलास का रं? बग, पानी बग."

काळूराम कावराबावरा झाला. "कसला पानी, दौलतदादा? बॉयलर भंगारात गेला."

"एकदा बगला म्हना त्यांना," नामी कुजबुजली.

"न बगता बगला म्हनायचा नसतो वहिनी." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "त्यांनीच शिकवलाय मना." चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

दौलतची मान अजून उशीवरून उचललेलीच होती. नामीनं कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली, वायरी लावून बसायची ती, आणि त्याच्या उशाशी बसली.

"पानी बगला मी," ती म्हणाली. "जा तू."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला अरे-तुरे केलं. रिलीवर काही अहो-जाहो करत नाही.

त्यानं तिला नीट न्याहाळलं. "कॉक उघडलास?"

"उघडला."

"किती हाय?"

"अर्ध्यावर."

मान उशीवर टेकली. डोळे मिटले. जरा वेळानं घोरण्याचा आवाज आला, तेव्हा नामीनं हलक्या हातानं पदर सावरला आणि पाठ टेकायला म्हणून मागं सरकली. खुर्ची करकरली. लगेच डोळे उघडले.

"कोन हाय?"

"मी हाय. पानी हाय. नीज."

ती पुन्हा ताठ बसली. रस्त्यावरून मानकोलीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर घर हादरवत होते. त्यानं दौलत उठत नव्हता. तिच्या पापण्या जड होऊन मान कलली की मात्र उठत होता. चूल थंड होती, आक्का दारातून डोकावून गेली, ऊन उंबऱ्यावरून भिंतीवर चढलं. नामीच्या जागी यायला कुणी नव्हतं.

डोकं खाजवायला तिनं हात वर नेला, तर भांगात वाळून दगड झालेला मलमाचा कण बोटाला लागला. दौलतवरची नजर न हलवता ती तो नखानं खरवडत राहिली.