स्टुडिओचे शब्द

मार्थाने पेजेचा चमचा ऑगस्टीनच्या ओठांना लावला, तशी त्याने मान मागे घेतली.

“ओव्हर,” तो म्हणाला.

तिने चमचा वाटीत ठेवला आणि वाटीवर फुंकर घातली. थोड्या वेळाने चमचा पुन्हा पुढे केला. आता त्याने तो घेतला, पण गिळताना कपाळाला आठी पडली.

“अंडर.”

“मीठ कमी आहे?”

त्याने डोळे मिटून उघडले. म्हणजे हो. मार्था उठून स्वयंपाकघरात गेली आणि मिठाची चिमूट घेऊन आली. मग मात्र त्याने वाटी संपेपर्यंत काही म्हटलं नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ऑगस्टीनची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. घरची बोली, जी तो आईच्या मांडीवर शिकला, ती पार पुसली गेली. देवळात इतकी वर्षं म्हटलेल्या प्रार्थना गेल्या. बायकोचं नाव गेलं. उरले ते फक्त स्टुडिओतले शब्द. माणिकपूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता. वसईतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर त्याने काढलेले बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे फोटो अजून टांगलेले होते. त्या कामातले इंग्रजी शब्द तेवढे त्याच्या जिभेवर शाबूत राहिले.

सुरुवातीला मार्थाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पाणी हवं असेल तर हा ‘वॉश’ म्हणतो, खिडकी उघडायची तर ‘वाइड’. ती रडायची. बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला चंदनसारहून उन्नती नावाची मुलगी स्कूटीवरून यायची, तिने एकदा मार्थाला बाजूला बसवून समजावलं.

“आंटी, काकांना सगळं कळतंय. बोलायला जातात आणि हाताला भलताच शब्द लागतो. तो चुकीचा म्हणून परत करू नका. देतील तो घ्या.”

“मला त्यातलं काय कळतं गं? मी सातवी शिकलेली. मी कधी त्या कॅमेऱ्याला हात लावला नाही.”

“मग शिका ना.”

मार्थाने आयुष्यभर केळी आणि मोगऱ्याची वाडी सांभाळली होती. स्टुडिओत ती जायची ती नाताळच्या फोटोपुरती. तिला शिकवलं मर्लिनने. मर्लिन त्यांची मुलगी, शाळेत लहान मुलांच्या वर्गाला शिकवायची. स्वतः लहान असताना ती शाळा सुटली की स्टुडिओत जायची आणि रंगवलेल्या पडद्यामागे बसून अभ्यास करायची. ते सगळे शब्द तिच्या कानावरून गेलेले होते.

“ओव्हर म्हणजे उजेड जास्त झाला मम्मी. फोटो पांढरा पडतो. अंडर म्हणजे उजेड कमी पडला.”

“आणि सकाळी दाढीवर हात फिरवून म्हणाले ते? ग्रेन?”

“फोटो खरखरीत दिसतो ना, कण कण, ते ग्रेन. दाढी वाढलीय म्हणत असतील.”

तेव्हा मार्था किती दिवसांनी हसली. मग एकेक उलगडत गेलं. केस विंचरायचे म्हणजे ‘रिटच’. नखं कापायची म्हणजे ‘क्रॉप’. जवळ ये म्हणजे ‘क्लोजअप’, आणि कुणी नको असलेला पाहुणा ओट्यावर येऊन बसला की ‘आउट ऑफ फ्रेम’, तेही त्या पाहुण्याच्या तोंडावर. मार्थाला मात्र तो ‘स्टेडी’ म्हणायचा. पहिल्यांदा तिने हात धरून त्याला उभं केलं, तेव्हा त्याच्या तोंडून तो शब्द निघाला होता, आणि पुढे तेच तिचं नाव झालं. वाडीतल्या तळ्यापाशी, बावखलावर, कपडे धुताना आतून ‘स्टेडी, स्टेडी’ अशी हाक आली की शेजारणी हसायच्या. मार्था साबणाच्या हातानेच धावत जायची.

मर्लिनला मात्र त्याने काहीच नाव दिलं नव्हतं. ती संध्याकाळी त्याच्या पायांना तेल लावायची, त्याची बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. कधी म्हणायची, “मला पण काहीतरी म्हणा ना पप्पा.” तो तिच्याकडे बघत राहायचा. फार वेळ बघायचा. मग तीच मान खाली घालायची.

एका सकाळी ती शाळेत जायला निघाली होती. दारात उभी राहून खांद्याला पर्स अडकवत होती. ऑगस्टीन खाटेवर उशीला टेकून बसला होता. त्याने डावा हात उचलला, दोन बोटं वर केली आणि स्पष्ट म्हणाला:

“डबल.”

मार्था त्याची चादर झटकत होती, ती थांबली.

“काय म्हणाले? मर्लिन, डबल म्हणजे काय?”

मर्लिनने चप्पल पायात सरकवली. “माहीत नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. मर्लिन समोर आली की दोन बोटं वर, आणि ‘डबल’. मग तो डोळे पुसायचा. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, अचानक एकाचे दोन दिसायला लागले तर थांबू नका, लगेच घेऊन या. मार्थाने शेजारच्या प्लासिडला हाक मारून रिक्षा बोलावली. मर्लिन शाळेतून परस्पर इस्पितळात आली.

तिथे पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदूचा फोटो काढायला त्याला त्या लांब नळीच्या यंत्रात सरकवलं, तेव्हा दाराबाहेर त्याचा आवाज ऐकू आला. “डार्क! डार्क!” तो ओरडत होता. मग त्याचं नुसतं ओरडणं उरलं, शब्द राहिला नाही. मार्था बाकावर माळेचे मणी ओढत बसली होती. मर्लिन भिंतीकडे तोंड करून उभी होती. एकदा ती दाराकडे निघाली, हात दारावर ठेवला, आणि परत येऊन पुन्हा तशीच उभी राहिली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी ऑगस्टीनच्या डोळ्यांसमोर आपलं एक बोट धरलं. “किती दिसतात काका?”

ऑगस्टीनने एक बोट वर केलं. दोन धरली तेव्हा दोन केली. तीन धरली तेव्हा तीन.

“नवीन काहीच नाही,” डॉक्टर म्हणाले. “डोळेही ठीक आहेत. एकाचे दोन दिसत नाहीत त्यांना.”

“मग डबल, डबल कशाला म्हणतात?”

“एखादा शब्द जिभेवर अडकून बसतो. काळजी करू नका.”

घरी परतताना रिक्षात ऑगस्टीन थकून मार्थाच्या खांद्यावर झोपला होता. पुढे ड्रायव्हरच्या आरशात मर्लिनचा चेहरा दिसत होता. मार्थाला वाटलं, पोरगी घाबरली.

रविवारी देवळात मिस्साची प्रार्थना झाल्यावर सॅमी आला. स्टुडिओत ऑगस्टीनबरोबर फिल्म धुण्याचं आणि छापण्याचं काम त्याने वर्षानुवर्षं केलं होतं. ऑगस्टीनला बघून तो ‘लाइट बघ जरा’ असं काहीतरी म्हणायचा आणि ऑगस्टीन तोंडभर हसायचा. त्या दिवशी ऑगस्टीनचा डोळा लागला होता. मार्थाने सॅमीला ओट्यावर खुर्ची दिली आणि इस्पितळाची सगळी हकिगत सांगितली.

“डबल?” सॅमी हसला. “अहो वहिनी, ते डोळ्याचं नाही. डबल म्हणजे डबल एक्स्पोजर. पूर्वी रोलचा जमाना होता ना, तेव्हा एखादे वेळी फिल्म पुढे सरकायची नाही. पहिला फोटो ज्यावर काढला त्याच जागेवर दुसरा निघायचा. एका माणसाच्या चेहऱ्यातून दुसरा माणूस दिसायचा. गिऱ्हाईक भांडायला यायचं. ऑगस्टीन मला ओरडायचा, सॅम्या, डबल केलंस... पण हे तो कधी म्हणतो?”

“मर्लिन समोर आली की.”

सॅमीचं हसू तिथेच थांबलं. त्याने बशीत ओतलेला चहा तसाच राहिला. तो वाडीतल्या केळींकडे बघत म्हणाला, “तेवढीच झाली ना आता ती? टिफनीएवढी.”

नऊ वर्षांत त्या ओट्यावर ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

टिफनी म्हणजे थोरली. पावसाळ्याच्या शेवटी तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली. बावीस वर्षांची होती. गावातल्या सगळ्या मयतांचे फोटो ऑगस्टीनच काढायचा. शवपेटीभोवती घरची माणसं उभी राहायची आणि तो कॅमेऱ्यामागून त्यांना हलक्या आवाजात जवळ सरकायला सांगायचा. टिफनीच्या मयताला सॅमी म्हणाला होता, मी काढतो, तू उभा राहा पोरीजवळ. ऑगस्टीनने ऐकलं नाही. कॅमेरा त्याने आपल्याच हाती ठेवला, म्हणून त्या फोटोत तो नाही. फोटो धुऊन आला तेव्हा मार्थाने तो बघितला नाही. टिफनीचे भिंतीवरचे फोटोही तिने उतरवून ठेवले. तिला ते बघवत नव्हते, आणि तिला बघवत नाहीत म्हणून घरात बाकी कुणी तिचं नाव काढेनासं झालं. मर्लिन तेव्हा आठवीत होती.

सॅमी गेला. मार्थाने त्याची कपबशी उचलली. मग आत गेली.

मर्लिन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून बोंबील साफ करत होती. नळ बारीक सुरू होता.

“तुला ठाऊक होतं,” मार्था म्हणाली.

मर्लिनचे हात थांबले नाहीत. “काय?”

“डबल म्हणजे काय ते.”

मर्लिनने नळ बंद केला.

“हो.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस? त्या यंत्रात घातलं त्यांना. कसे ओरडत होते, ऐकलंस ना तू?”

“ऐकलं मम्मी.”

“मग?”

“काय सांगायचं होतं?” मर्लिन वळली. हात तिने पुढे अधांतरी धरले होते, बोटांवरून पाणी गळत होतं. “तिचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं. तू एकदा, मी दहावीत असताना, मी नुसतं ‘टिफनीची ओढणी घेऊ का’ विचारलं, तर ताट टाकून उठलीस. दोन दिवस जेवली नाहीस. तेव्हापासून मी नाही काढलं.”

मार्थाने चौकटीला हात लावला.

“आणि मला वाटलं,” मर्लिन हळू म्हणाली, “खरंच डोळ्यांचं काही निघालं तर बरं. म्हणजे ते माझ्यात तिला बघत नाहीयेत, असं तरी होईल. मागे मी केस कापले तेव्हा तू किती बोललीस मला. म्हणालीस, एवढे लांब केस, कशाला कापले. त्यांना ती दिसू नये म्हणूनच कापले होते. त्याने पण काही झालं नाही.”

बाहेरच्या खोलीतून आवाज आला. “स्टेडी.”

मार्था हलली नाही. मर्लिननेच मानेने दाराकडे खूण केली. “जा. उठायचं असेल त्यांना.”

ऑगस्टीन जागा झाला होता. मार्थाने त्याला उठवून बसवलं, पाठीशी उशी दिली, तोंड पुसलं. नेहमीसारखी ती उठून गेली नाही. त्याच्या बाजूला खाटेच्या कडेवर बसली. खिडकीतून वाडीतला संध्याकाळचा उजेड त्याच्या निकामी हातावर पडला होता. तो हात तिने आपल्या मांडीवर घेतला.

“अहो,” ती म्हणाली. पुढचं तिला चटकन म्हणता येईना. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. “टिफनी.”

त्याने एकदम तिच्याकडे बघितलं. त्याने तो शब्द म्हणून बघितला. नुसता श्वास निघाला. पुन्हा प्रयत्न केला आणि दोन बोटं वर केली.

“हो,” मार्था म्हणाली. “सॅमीने सांगितलं मला.” तिने त्याची दोन्ही बोटं आपल्या मुठीत धरली. “मला पण दिसते. तुम्हाला वाटतं, तुम्हालाच? पोरगी हसली की दिसते. पाठमोरी झाली की दिसते. गेल्या वर्षी लुगडं नेसून ती कुणाच्या लग्नाला निघाली, तेव्हा मी वाडीत निघून गेले. तिला म्हणाले, केळीला पाणी सोडायचंय.”

बोलता बोलता तिचा आवाज मोठा झाला होता. तो स्वयंपाकघरात ऐकू जात होता.

थोड्या वेळाने मर्लिन दारात आली. हात तिने धुतले होते. जेवण वाढू का, असं विचारायला ती आली होती. दोघांनी एकदमच मान वर करून तिच्याकडे बघितलं. मार्थाने ऑगस्टीनची बोटं सोडली नव्हती. दोघांचेही डोळे भरलेले होते आणि दोघंही तिच्यावरून नजर काढत नव्हते.

मर्लिनला क्षणभर वाटलं, आत निघून जावं. तिने पाऊल मागे घेतलंही. मग तिने दिव्याचं बटण दाबलं, चेहऱ्यावरचे केस कानामागे सारले आणि ती दारातच उभी राहिली. त्यांचं बघून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.