दोनास एक

जमिनीखाली सहाशे मीटरवर लोखंडी दार बंद झालं आणि साइमीनं त्याचं चाक घट्ट फिरवलं. बाहेर बोगद्यात डंपर जळत होता. आत, निवारा-कोठडीत, ती आणि तौनो. ती खाणीच्या प्रयोगशाळेत नवी. तो सत्तावीस वर्षं ड्रिल चालवणारा.

ऑक्सिजनची नळकांडी भरलेली होती. भीती होती ती उच्छ्वासाची. कार्बन डायऑक्साइडचा काटा लाल रेषेला टेकत आला होता, आणि तो वायू शोषून घेणाऱ्या लिथियम हायड्रॉक्साइडचं खोकं जवळजवळ रिकामं होतं.

"पुड्या कुठे गेल्या?"

तौनोनं मान खाली घातली. "बुटांत. ओले बूट छान सुकतात त्यांनी. सगळेच न्यायचे."

"पायांना फोड येत नाहीत?"

"येतात की. पण कोरडे."

तिला हसू आलं नाही. सीलबंद पुडी एकच उरली होती, ९६० ग्रॅमची. एका मोलचं वजन चोवीस ग्रॅम, त्यानं भागलं: चाळीस मोल. घाबरलेला माणूस तासाला साधारण एक मोल वायू सोडतो, दोघांचे दोन. म्हणजे वीस तास.

वरून फोन आला. "धूर निवळायला चौदा तास लागतील. तग धराल?"

"धरू," ती म्हणाली.

तौनोनं थर्मासमधली कॉफी ओतली आणि बोलत सुटला. बायको सॉना तापवून वाट बघत असेल, उशिरा गेलो की शिव्या घालते, वगैरे. साइमी पुडी फोडून दाणे जाळीवर पसरू लागली. पुडीवर समीकरण छापलं होतं. हायड्रॉक्साइडच्या आधी एक बारीक आकडा होता. दोन.

तिनं हिशेब पुन्हा मांडला. वायूच्या एका मोलला हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. चाळीस मोल गिळणार ते फक्त वीस.

"तौनो, मी चुकले. आपल्याकडे दहाच तास आहेत."

तिनं वर कळवलं. वरून आवाज आला, "आत्ता माणसं पाठवली तर तीही जातील. चौदाच्या आत नाही जमायचं, साइमी."

वीस भागिले चौदा. दोघांनी मिळून तासाला दीड मोलपेक्षाही कमी.

"निपचित पडून राहिलो, एक शब्द बोललो नाही, तर जमेल," ती म्हणाली. "कदाचित."

"मला गप्प करणं बायकोला कधीच जमलं नाही," तौनो पुटपुटला. "तिला सांगू नकोस, आयता उपाय सापडेल." आणि बाकावर आडवा झाला.

त्यानंतर तो बोलला नाही.

दहा तास उलटले. काटा लाल रेषेच्या अलीकडेच, थरथरत. साइमी त्याच्या छातीकडे बघत होती. छाती हलतेय की नाही, तेच कळेना. हाक मारली तर श्वास खर्च होणार. शेवटी तिनं समोरच्या बाकावरून हात लांबवून त्याच्या मनगटाला बोट लावलं.

तौनोनं डोळे न उघडता तर्जनी ओठांवर ठेवली.