भिंतीवरचा मारानाथा

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या दिवाळीत सगळं दौंड फटाके उडवत होतं आणि आमचे बाबा जग बुडायची वाट बघत होते. बाबा म्हणजे शांतवन पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. पण पावसाळा संपता संपता आमच्या चर्चमध्ये एक पाहुणे उपदेशक आले, दोन हजार साल काही उजाडत नाही असं छातीठोक सांगून गेले, आणि बाबांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवले ते बुडवलेच.

जग बुडायला माझी तशी हरकत नव्हती. फक्त जानेवारीत माझं लग्न होतं, शिरूरच्या सुमितशी. मुलगा मीच पसंत केलेला, आणि मला तो मनापासून हवा होता. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सगळ्यांसमोर दोघांची नावं पुकारतात. पण मुलीच्या बापानं चर्चच्या धर्मगुरूंकडे, म्हणजे पाळकांकडे जाऊन सांगितल्याशिवाय ते पुकारणार कसे? बाबा जागचे हलत नव्हते.

"पौलानं करिंथच्या मंडळीला काय लिव्हलंय?" बायबलातली पौलाची पत्रं पुढ्यात धरून ते मलाच विचारायचे. "येळ थोडा उरलाय. ज्याचं लगीन झालं न्हाई, त्यानं तसंच ऱ्हावं."

"तुमचं झालंय ना? मग तुमचं काय जातंय सांगायला?" मी फणकारायचे.

आईनं वाद घातला नाही. ती पौलाला बाबांपेक्षा जास्त ओळखून होती. ख्रिस्ती मंडळ्यांच्या त्या पहिल्या काळात थेस्सलनीका गावातही अशी माणसं निघाली होती. प्रभू येशू आजउद्या परत येतोयच, म्हणून कामधंदा सोडून लोकांच्या दारात चकाट्या पिटत बसायची. पौलानं त्यांना पत्रातून चांगलं झापलं होतं की काम करायचं नसेल तर खायचंही नाही. एका सकाळी आईनं बाबांपुढे रिकामी ताटली ठेवली.

"मी न्हाई, पौल म्हणतोय," ती म्हणाली.

बाबांनी पौलाचा मान राखला. निमूट उठले, चौकातल्या इमामचाचांच्या बेकरीत गेले आणि पोटभर खारी खाऊन आले. इतक्या शतकांत माणूस काडीचाही बदललेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसांत त्यांनी ब्रश उचलला तो एकदाच. पौलाच्या एका पत्राच्या शेवटी एक जुना शब्द येतो, मारानाथा. येशूच्या काळच्या बोलीत त्याचा अर्थ 'आमच्या प्रभू, ये'. बाबांनी तो आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिला, हातभर उंच अक्षरांत. भिंतीच्या मधोमध खिडकी होती. त्यामुळे 'मारा' खिडकीच्या एका अंगाला गेलं आणि 'नाथा' दुसऱ्या.

आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं नाव होतं नथानिएल. सगळं शिरूर त्यांना नाथाआप्पा म्हणायचं. नाताळ सोडला तर चर्चची पायरी न चढणारा माणूस, त्याला पौलाचा शब्द कुठून माहीत असणार? दिवाळी सरल्यावर, नावं अजून का पुकारली नाहीत हे विचारायला ते यष्टीनं आले. कोपऱ्यावर वळले, भिंत वाचली आणि रस्त्यातच थांबले. मी खिडकीत उभी होते.

"मारा नाथा?" आप्पा गरजले. "आरं, पोरगी द्यायची नसंल तर तोंडानं न्हाई म्हना की! भितीवर माझी सुपारी देता व्हय?"

आई धावत बाहेर गेली. "आप्पा, ते तुमचं नाव न्हाई! देवाला बोलावलंय!"

"मला माराया देवाला बोलावलंय?"

ते पाठ फिरवून चालायलाही लागले. मी लाजबीज गुंडाळून ठेवली, अनवाणीच धावले आणि त्यांच्या हातातली पिशवी धरली. "आप्पा, घरात चला. मला सुमितशीच लग्न करायचंय," म्हणाले आणि भर रस्त्यात रडायला लागले. आप्पा विरघळले. रडणाऱ्या सुनेपुढे कोणाचं काय चालतंय?

चहा झाला. बाबांनी त्यांना शब्दाचा अर्थ सांगितला, मग उपदेशक, मग एकतीस डिसेंबर. आप्पांनी बशीत फुंकर मारत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी डिसेंबराबरोबर समदं खलास?"

"व्हय."

"नक्की?"

"नक्की, आप्पा."

"मंग जानेवारीची वाट कशाला बघायची? डिसेंबरातच बार उडवू. पोरांना थोडं दिस तरी संसार घावंल."

आईनं तोंडाला पदर लावला. मला तर उठून नाचावंसं वाटलं. बाबा छताकडे बघायला लागले. पौलाचं एखादं वाक्य आठवतंय का ते शोधत असावेत, पण एकही मदतीला आलं नाही.

"एवढ्या लवकर?" ते म्हणाले.

"लवकर? जग बुडतंय न्हवं का, राव?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"जग बुडू द्या की," ते म्हणाले. "ते समद्यांचंच बुडणार हाय. ही माझ्या एकट्याचीच जाणार."

आप्पांनी बशी खाली ठेवली. त्यांनाही दोन मुली होत्या, दोघी सासरी दिलेल्या.

"जानेवारीच ऱ्हाऊ द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "पर पाळकांना आजच सांगून या."

बाबांनी मान हलवली, चपला पायात सरकवल्या आणि निघाले. मीही बरोबर गेले. पाळकांचं घर चार पावलांवर होतं, आणि लग्नाची घाई मलाच झाली होती. तरी त्या रस्त्यानं आम्ही दोघंही मुद्दाम सावकाश चाललो.