कलती कवडी

"पोरायसंग खेळत जाय, बाई. रागावू नको, रडू नको. खेळत जाय."

सासरी पाठवताना आईने कानाशी सांगितलेले हे बोल गिरजाला त्या सांजेला पुन्हा आठवले. समोर बसलेली आवडा मुठीत कवड्या दाबून तिच्याकडे, वाफ्यात शिरलेल्या ढोराकडे पाहावे तशी पाहत होती.

"तू मुद्दाम हारतं, नवीबाई," आवडा म्हणाली. "रोजच. आमी काय भिकारी हाओत, आमाले डाव दान द्याले?"

दहा वर्षांची पोर. तिची आई जाऊन दोन पावसाळे झाले होते. गिरजाला तिच्या जागी येऊन एक. एवढ्या दिवसांत आवडाच्या तोंडून 'माय' कधी निघाले नव्हते.

पोरगी म्हणत होती ते खरेच होते. दिवेलागण झाली की गिरजा चुलीपुढच्या भुईवर कोळशाने पंचवीस घरांचा पट आखायची, आणि जिंकायला आली की स्वतःचा चिंचोका भलत्याच घरात नेऊन ठेवायची. आवडाचा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा चंपत, टाळ्या पिटायचा. आवडाच्या कपाळावर आठी पडायची.

"आज खरं खेळ," आवडा म्हणाली. "जिंकली तं मी तुले माय म्हणीन. साऱ्यायसमोर. हारली तं मले अन् चंपतले शेलूबाजारले आजीकडं नेऊन घालायचं. कायमचं."

आजीचे नाव या घरात निघत नसे. लेकीला वेळेवर वैद्याकडे नेले नाही, असे त्या म्हातारीने भर बाजारात जावयाला सुनावले होते. तेव्हापासून गिरजाच्या नवऱ्याने, रंगरावने, तिकडची वाट बंद केली होती.

देवापाशी दिवा तेवत होता. चातुर्मासात गिरजाचे दोन नेम होते. एकदाच जेवायचे, आणि दिव्यासमोर दिलेला शब्द मोडायचा नाही. तिने नाही म्हणायला हवे होते. पण तो एक शब्द ऐकायला तिचे कान वर्षभर आसुसले होते.

"खेळू," ती म्हणाली.

आणि ती खेळली. लहानपणी चार भावांना रडवणारा तिचा हात पहिल्यांदाच मोकळा सुटला. आवडाचे बांगडीचे तुकडे तिने तीनदा मारले. पोरगी ओठ चावत होती.

"लबाडी करून राह्यली तू!" असे म्हणायलाही आवडाला जागा सापडेना, तेव्हा तिने चंपतलाच चिमटा घेतला. "सरक तिकडं! माह्यावर सावली पाडून राह्यला!"

"मी काय केलं?" चंपत कळवळून गिरजाच्या मांडीला चिकटला.

शेवटी दोघींची एकेकच सोंगटी उरली. गिरजाला एकाचे दान हवे होते, आवडाला तिनाचे; जितक्या कवड्या उताण्या, तेवढे दान. आवडाने कवड्या फेकल्या. दोन उताण्या पडल्या, एक पालथी. चौथी चुलीच्या कडेला टेकून कलती राहिली. ना उताणी, ना पालथी.

"तीन!" आवडा ओरडली.

"कलती हाये ते," चंपत म्हणाला. "पुन्हा टाक."

"आमची माय कलती कवडी उताणीच धरे!"

"नाही. माय पुन्हा टाकाले लावे."

"तुले काय आठवते रे? तू तं तिच्या मांडीवर झोपून राहे!" आवडाचा आवाज चिरकला. तिने गिरजाकडे पाहिले. "सांग ना. मी खोटं बोलून राह्यली म्हून सांग!"

गिरजाच्या माहेरी कलती कवडी पुन्हाच टाकत. पण हा पट त्या बाईचा होता, कवड्याही तिच्या. ती कशी खेळत असे, ते विचारायला आता कोणी नव्हते. पोरीजवळ आईची राहिलेली आठवण आपण खोटी ठरवायची?

"तुही माय तसं धरे, तं तसंच," गिरजा म्हणाली. "तीन झाले."

आवडा जिंकली. हसली मात्र नाही.

रंगराव मळ्यातून आला, तेव्हा गिरजाने त्याला सारे सांगितले. त्याने हातातली टोपली भुईवर आदळली. वांगी घरभर घरंगळली.

"पोरीसंग पैज लावतं? त्या म्हातारीच्या उंबऱ्यावर माही पोरं?"

"शब्द मी देला. पोरीवर हात उचलू नका."

"मंग ने! अन् तूबी तिकडंच मर. परत आली तं दार उघडणार नाही."

"ओट्यावर बसीन," गिरजा हळूच म्हणाली. "कवातरी उघडसान."

तो ताटावर न बसताच बाहेर गेला.

पहाटे मळ्यातून रंगरावच्या मोटेचा कुरकुर आवाज सुरू झाला, तेव्हा गिरजाने आवडाला पुढ्यात बसवून तिच्या केसांना तेल लावले. आजीने पोरीला झिपरी पाहू नये.

"ओढू नको," आवडा म्हणाली. पाठ ताठ, लाकडासारखी.

"झालंच."

दोन वेण्या घट्ट घालून झाल्या. पोरांचे कपडे गाठोड्यात बांधले, भाकरी फडक्यात घेतल्या. चंपत झोपेतच होता. त्याला तिने खांद्यावर घेतले. त्याने गाल तिच्या मानेवर घासला आणि पुन्हा गाढ झोपला.

शिवेशी वाटेला दोन फाटे फुटत होते. गिरजा थांबली. ती शेलूबाजारला कधी गेलीच नव्हती.

"कोणीकडून, आवडे?"

आवडाने बोट दाखवले. कलत्या कवडीसारखेच गिरजाने तेही खरे धरले, खांद्यावरचे पोर सावरून घेतले आणि ती त्या वाटेला लागली.