तेबानोची सुरी

मी एक जुनी सुरी आहे. माडाच्या पोयीचा, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचा, काप घेऊन माडी काढणारी, वीतभर लांबीची. मित्रांनो, आमच्या अबैआंग बेटावर माड आणि समुद्र सोडला तर फारसं काही नाही, त्यामुळे माझ्यासारख्या सुरीला इथे घरातल्या माणसाइतका मान असतो.

माझं लोखंड एका मोडक्या ट्रकच्या कमानपाट्यातलं. तेबानोच्या बापाने ते तापवून ठोकलं, प्रवाळाच्या दगडावर महिनाभर घासलं आणि मला लाकडी मूठ बसवली. म्हातारा गेल्यावर मी तेबानोकडे आले. पोय काल काप घेतला तिथेच आज पुन्हा कापावी लागते, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. काप कांद्याच्या सालीसारखा पातळ हवा. दोन दिवस खाडा झाला की जखम बुजते आणि रस थांबतो. तेबानोच्या तीन माडांना अठरा वर्षांत खाडा माहीत नव्हता.

शेंड्यावर पोचला की तो मोठ्याने गाऊ लागायचा. वर माणूस आहे हे खाली कळावं, म्हणून आमच्याकडे माडी काढणारा गातोच. तेबानो बापाचं गाणं गायचा, चारही कडवी, आणि त्याची बायको मारेवा खाली मासे साफ करता करता ऐकायची. त्याच्या ताज्या, न आंबलेल्या गोड माडीवर शेजारची तान्ही पोरंही वाढली. लोक माझी धार बोटाने चाचपून पाहायचे आणि मान हलवायचे. तेव्हा मला फार बरं वाटे.

मग करोना आला. दोन वर्षं आम्ही त्याला बेटांबाहेर ठेवलं होतं. आला तो घरोघर गेला. तेबानोला चार दिवस ताप होता, थोडा खोकला. त्याचा धाकटा भाऊ काबुरे म्हणाला, "सुरी दे. तू उठेपर्यंत मी कापतो."

"माझ्या पोयीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही," तेबानो पडल्या पडल्या म्हणाला. आमच्याकडे ही रीतच आहे. कापाचं कसब बापाकडून मुलाकडे जातं आणि ज्याचा माड त्याचाच हात. काबुरेने पुन्हा विचारलं नाही. तिन्ही पोयी बुजल्या.

ताप उतरल्याच्या दहाव्या दिवशी तेबानोने कापण्यासाठी नव्या पोयी दोरीने बांधायला घेतल्या. त्याच सुमारास परिचारिका तारौ घरी आली. तिने त्याची नाडी बराच वेळ धरून ठेवली. मग घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावरही तिथे खड्डा तसाच राहिला.

"जिना चढल्यासारखा दम लागतो का, तेबानोदादा?"

"आपल्या बेटावर जिना आहे कुठे?"

"थट्टा नको. हा रोग फुप्फुसातून आत शिरतो, पण तिथेच थांबेल असं नाही. कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, कधी मूत्रपिंडं दमतात. ताप गेला तरी आतलं दुखणं चालू राहू शकतं. मोठ्या इस्पितळात जाऊन तपासून घे. तोवर माडावर चढायचं नाही."

"अगं, माडावर चढायला पाय लागतात. काळजाचं काय काम?"

"मग ते खाली ठेवून चढ," तारौ म्हणाली. मारेवा हसली नाही.

इस्पितळ असलेल्या मोठ्या बेटाकडे जाणारी बोट चार दिवसांनी होती. नव्या पोयी चार दिवस थांबल्या नसत्या. तेबानो दुसऱ्याच दिवशी चढला.

मित्रांनो, मुठीवर त्याचा अंगठा घट्ट असायचा आणि त्यातली नाडी मला ओळखीची होती. त्या दिवशी ती धावत होती. मध्येच एक ठोका गळायचा आणि पुढचा धाडकन यायचा. त्याने एकच कडवं म्हटलं आणि खोडाला कपाळ टेकून बसला.

"आज गाणं लवकर आटोपलं?" खालून मारेवाने विचारलं.

"पुढचं विसरलो."

"तुझ्या बापाचं गाणं? तू?"

दुसऱ्या दिवशी त्याने एक ओळ म्हटली. मारेवा म्हणाली, "खाली ये. मला आता माडी नको, माडीची साखर नको, काही नको." तो म्हणाला, "एवढा काप झाला की येतो." मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. मी फक्त कापत राहिले, नेहमीसारखं पातळ.

तिसऱ्या सकाळी त्याची पकड सुटली आणि मी वाळूत पडले. तो मात्र पडला नाही. खोडाला मिठी मारून तो एकेक खाच उतरला, माझ्याशेजारी बसला आणि श्वास शोधत राहिला. त्याचे ओठ करडे झाले होते. काबुरेने त्याला होडीत घालून मोठ्या बेटावर नेलं.

पुढचं मी मारेवाच्या तोंडून ऐकलं. सूज आलेलं हृदय पुरतं आकुंचन पावत नव्हतं. रक्त कमी पोचल्याने मूत्रपिंडंही बंद पडत गेली. डॉक्टर तिला म्हणाले, तापानंतर काही महिने विश्रांती मिळाली असती तर कदाचित वेगळं झालं असतं. इस्पितळात अठराव्या दिवशी तेबानो गेला. तो एक्केचाळीस वर्षांचा होता.

गाव तीन दिवस मयताला जमलं. त्यानंतर आठवड्याने काबुरेला ताप आला, दोनच दिवस. तो उतरताच काबुरे मारेवाच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, सुरी दे. भावाचे माड आता माझे. त्यांच्या पोयी मीच कापायला हव्यात."

मारेवाने मला छपरातून काढलं, चटईखाली ठेवलं आणि चटईवर बसली.

"उठव मला, भावोजी."

"हा काय पोरखेळ?"

"तुझा भाऊ म्हणाला होता, एवढा काप झाला की येतो."

"मला काही होत नाही गं. मी त्याच्यापेक्षा धडधाकट आहे."

"तोही तुझ्यापेक्षा धडधाकट होता."

काबुरे दारातच खाली बसला. मग तो म्हणाला, "तिन्ही माडांना नव्या पोयी आल्यात, त्या वाळतील."

"वाळू देत."

तारौने त्याची नाडी तपासली आणि बारा आठवडे चढायला मनाई केली. मोठ्या बेटावर त्याच्या हृदयाचा आलेख काढला, त्यात थोडा दोष निघाला. आता सात आठवडे झाले आहेत. तो रोज येतो, मारेवाला मासे देतो आणि माडांकडे न पाहता परत जातो. तो पूर्ण बरा होईल की नाही, हे तारौही सांगत नाही.

तिन्ही पोयी वाळल्या. मित्रांनो, माझ्यासारखी अवजारं आपल्याला कोणी वापरत नाही म्हणून कुढतात. माझं मागणं उलटं आहे. तुमच्या घरात कोणी या तापातून उठलं, तर त्याच्या हातातलं काम काढून घ्या. तो रागावला तरी घ्या. छातीत धडधड, पायाला सूज, बोलताना दम असेल तर त्याला तपासायला न्या. वाळलेल्या पोयीच्या जागी दुसरी येते.

खाऱ्या वाऱ्याने माझ्या पात्यावर तांबूस डाग पडला आहे. काल मारेवाने तो पाहिला. तेलाची बाटली तिच्या हाताशी होती. तिने मला तशीच चटईखाली सरकवलं.