झाडूवाला पिक्चर, अनुक्रमांक ४१

विषय : सोळा मिलिमीटरचा चित्रपट, नग एक, अस्तित्वात असल्याबाबत.
संदर्भ : वन कार्यालयाची नष्ट अभिलेखांची यादी, सन १९९९, अनुक्रमांक ४१.

उपरोक्त विषयान्वये कळवतो की, मी नष्ट झालेलो नाही. मी एक चित्रपट बोलतोय. लांबी बावीस मिनिटं, प्रत एकच.

माझा जन्म १९८७ सालचा, आलापल्लीच्या जंगलातला. मोहफुलं वेचायच्या आधी लोक झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून वणवा लागतो. तेव्हा लोकांना शहाणं करणारा चित्रपट काढा, असा वरून आदेश आला. कागदोपत्री माझं नाव 'वणवा टाळा, वन सांभाळा'. नायक म्हणून इसरू नावाचा रोजंदारी मजूर घेतला, कारण त्या दिवशी तो हजर होता.

त्याच्या हातात खराटा दिला आणि पाला झाडायला सांगितलं. इसरूने झाडलं. वळतो तोच एक पान पडलं. त्याने ते उचललं, वर झाडाकडे पाहिलं आणि थांबला. झाडही थांबलं. तो निघाला, दुसरं पान पडलं. पुढे तो झाडाची समजूत काढतो, हात जोडतो आणि अखेर खराटा खांद्यावर टाकून सगळं जंगल झाडायला निघतो. तोंडातून एक शब्द नाही.

मला सात गावांत दाखवलं. लोक पोट धरून हसले आणि मला 'झाडूवाला पिक्चर' म्हणू लागले. साहेबांनी शेरा मारला, 'विषयाचे गांभीर्य राखलेले नाही.' मी कपाटात गेलो. इसरू १९९३ साली मेंदूच्या हिवतापाने गेला. बायको तेव्हा गरोदर होती. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

मग आली अभिलेख वर्गीकरणाची मोहीम. 'अ' म्हणजे कायम जपा, 'ड' म्हणजे जाळा. गुणवंतराव या लिपिकाने डबा न उघडताच माझ्यापुढे 'ड' लिहिलं. यादी मंजूर होऊन आली. जाळायच्या दिवशी शिपाई मुखरू म्हणाला, "भाऊ, हा तं झाडूवाला पिक्चर. कोनाले जाळून राह्यलो ते एकदा पाहून तं घ्या."

दोघांनी दार लावून मला प्रोजेक्टरवर पाहिलं. गुणवंतराव डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मंजूर यादीत दुरुस्ती मागण्याइतकी छाती कोणत्याच लिपिकाला नसते. त्यांनी 'समक्ष जाळून नष्ट केले' असं लिहून सही ठोकली आणि मला पिशवीत घालून सिंदेवाहीला घरी नेलं. एकाच सहीने मी मेलोही आणि वाचलोही.

तेव्हापासून उपेक्षित विनोदाची वकिली हा त्यांचा धंदा झाला. आठवड्यात उतरवलेले चित्रपट, तेरा भागांत गुंडाळलेल्या मालिका, सगळ्यांची बाजू ते पानठेल्यावर लढवत. "रडवणाऱ्याले पुरस्कार भेटते," ते म्हणत, "हसवणाऱ्याले म्हणते, टाइमपास बरा होता." वर्तमानपत्रांना पत्रं धाडत. पत्रातल्या चित्रपटांच्या यादीत शेवटी माझं नाव असे. संपादक नेमकी तीच ओळ कापत, कारण असा चित्रपट कुठल्याच नोंदीत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डब्यातून आंबूस वास येऊ लागला. त्यांच्या पत्नी इंदुताईंना वाटलं, लोणचं नासलं. नासलो मी होतो. जुनी फीत अशीच आंबते, आकसते, मग तिचा चुरा होतो. त्याआधी नक्कल काढणं हा एकच उपाय. एक चित्रपट संग्रहालय ती काढायला तयार झालं. अट एकच, मूळ कार्यालयाचं ना-हरकत पत्र.

ही बातमी ऐकून इसरूची मुलगी पुनम आली. बाप गेल्यावर चार महिन्यांनी जन्मलेली, आता आरोग्यसेविका. आकसलेली फीत प्रोजेक्टरवर चढवली तर फाटणार. म्हणून गुणवंतरावांनी हातभर फीत खिडकीच्या उजेडात धरली. नखाएवढा बाप तिने बराच वेळ पाहिला.

"सगळे फोटो सारखेच काऊन आहेत, भाऊ?"

"सारखे नाईत, बाई. इथी पान पडते. इथी तो वर पायते."

"मंग हसाचं कुठी आहे?"

गुणवंतराव उठले. कोपऱ्यातला झाडू घेऊन ते स्वतःच झाडून दाखवू लागले. पान म्हणून कागदाचा कपटा टाकला. कोणी हसलं नाही.

"माहा बाप असा नक्कीच झाडत नसन," पुनम म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मले तो एकदा चालता पाह्याचा आहे, भाऊ. बस."

गुणवंतराव दुसऱ्या दिवशी जुन्या कार्यालयात गेले. तिथे त्यांच्या खुर्चीवर आता करिष्मा नावाची लिपिक आहे.

"रेकॉर्डवर तं हे जळलं आहे, भाऊ. जळलेल्या वस्तूची ना-हरकत कशी देऊ?"

"दाखला खोटा होता. तसं लिहून देतो."

"तोंडी सांगतलं ते मी विसरून जाईन. लिहून देल्लं का ते माह्या टेबलावर राहत नाई, वर साहेबाकडे जाते."

घरी इंदुताई म्हणाल्या, "सात गावं हसली म्हणून या वयात चौकशी लावून घेता?"

"त्या मानसाले 'ड' मीच देल्ला ना," गुणवंतराव म्हणाले आणि प्रतिज्ञापत्र लिहायला बसले.

प्रतिज्ञापत्रातून दोन फायली निघाल्या, एक चौकशीची, एक ना-हरकत पत्राची. खोट्या दाखल्याची चौकशी पळत सुटली. दोन सुनावण्याही झाल्या. या चौकशीसाठी मला जप्त करून, डब्याला लाखेची मोहोर लावून, कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवलं आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत डबा उघडू नये, हलवू नये, असा आदेश आहे. नष्ट यादीतून मला पुराव्यात बढती मिळाली. ती स्वीकारण्यावाचून इलाज नव्हता.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे आणि सध्या मे महिना आहे. माझी शेवटची सहा मिनिटं एकमेकांना चिकटली आहेत. उरलेली सोळा अजून सुटी आहेत. ती कुणी वेळेत पाहावीत, एवढीच विनंती आहे.

पुनम दर सोमवारी येऊन विचारते. करिष्मा आवक नोंदवही उघडून बघते आणि तिला सांगते. ना-हरकत पत्राचा अर्ज प्रलंबित आहे.